मागुराच्या खाद्यातले चूर्ण

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवडी बाजाराच्या दिवशी वनौषधी चूर्णाचे पोते आमच्या अंगणात उतरले; जबाबदार, पुरवठादाराचा प्रतिनिधी. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या सकाळी बोडीतले, म्हणजे शेतालगतच्या लहान तळ्यातले, मागूर मासे मेले, जबाबदार, तोच. त्यानंतर 'देखभालीत कसूर' असा निष्कर्ष काठावर उभ्याउभ्या देण्यात आला. जबाबदार, तालुक्याचे मत्स्य अधिकारी. हा क्रम मुद्दाम आधी लिहितो. पुढे तोच फिरवला जातो, हे मी आयुष्यभर पाहिले आहे.

सावली तालुक्यातल्या आमच्या धानाच्या बांध्यांना लागून ही ग्रामपंचायतीची बोडी आहे; तिची देखभाल माझ्या पत्नीकडे. तिच्याच शब्दावर तिच्या बचत गटाने तीत देशी मागूर सोडले. पावसाळ्यात माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले, तेव्हा तिने कोंडा आणि ढेपेच्या गोळ्यांत हळद व ठेचलेला लसूण मळला, आणि चट्टे मावळले. झाडपाल्याशी माझे वैर नाही, याची नोंद असावी.

त्या गुणाची वार्ता ऐकूनच प्रतिनिधी आला. म्हणाला, "बाई, नुसत्या हळदीनं काय होते? याच्यात अख्खं जंगल हाय."

"जंगलातलं कोणतं झाड?" मी विचारले.

"सारं औषधीच हाय, भाऊ."

हे उत्तर नव्हते. मी तसे म्हणालोही; पण गटाने पोते ठेवून घेतले.

चूर्ण घालू लागल्यावर मासे सारखे पृष्ठभागावर येऊ लागले. आम्ही प्रतिनिधीला बोलावून घेतले. तो हसला. "मागूर हाय तो. हवा घ्याले वर येतेच."

पत्नीने पाण्याकडे बोट दाखवले. "मंग उलटा होऊन काऊन घेऊन राह्यला?"

त्याने मोटारसायकल सुरू केली. दुसऱ्या सकाळी पाण्यावर पांढरी पोटे तरंगत होती.

उरलेले चूर्ण मी चाळणीतून काढले. वर राहिले ते तपकिरी फळाच्या सालीचे तुकडे आणि बिया. ते गेळफळ असावे, असा माझा संशय आहे. वैद्य ते ओकारीसाठी देतात, म्हणून व्यापाऱ्याच्या गोदामात ते औषधी मालातच पडते. आमच्याकडे मात्र उन्हाळ्यात नाल्याचा डोह उरला की हेच फळ ठेचून पाण्यात कालवतात. मासे गुंगतात आणि हाताने वेचता येतात. तरुणपणी मीही वेचले आहेत. 'सारं औषधीच' हे वाक्य कदाचित खरेही असेल, पण माणसाचे औषध माशालाही औषधच ठरते, असे कोणी ठरवले?

वाचलेले मासे मी दोन बादल्यांत ठेवले आणि एकीत चिमूटभर चूर्ण टाकले. त्या बादलीतले मासे कलंडले; दुसऱ्या बादलीतले पोहत राहिले. अधिकाऱ्यांना हे दाखवले, चूर्णाचा नमुना मोहोरबंद करून न्या म्हणालो. ते म्हणाले, पाणीच खराब आहे. दोन्ही बादल्यांत पाणी त्याच बोडीचे होते!

आता गटातल्या बायका आमच्या दारावरून गप्प जातात. एकीने पत्नीला तोंडावर सुनावले, "तुयाच्यानं नाई होत त बोडी सोड." येत्या ग्रामसभेत बोडी पत्नीकडून काढून घेण्याचा विषय मांडला जाणार आहे. ती रोज पहाटे उठून गोळ्या मळत असे, हे तिथे कोणी बोलणार नाही.

म्हणून माझी जाहीर मागणी आहे. पुरवठादाराने आणि अधिकाऱ्यांनी त्या सभेत, गटातल्या प्रत्येक बाईसमोर उभे राहून सांगावे: त्या चूर्णात गेळफळ होते की नव्हते? आणि नमुना का घेतला नाही?