जामीनदाराला जिताडा

मोरा कोळीवाड्यातली ठमाबाई कोळीण पनवेलच्या बाजारात मासळी विकायला बसते. बाईचा आवाज असा, की दोन गल्ल्या पलीकडच्यालाही वाटावं, शिव्या आपल्यालाच बसतायत.

तिच्या लेकीला, किशोरीला, नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, ते साल होतं दोन हजार नऊ. सरकारी महामंडळ अगदी कमी व्याजात शिक्षणाचं कर्ज देत होतं. फक्त जामीनदार हवा होता सरकारी पगाराचा. कोळीवाड्यात होड्या मोप, पण सरकारी पगारवाला औषधालाही नाही! राहता राहिले कृष्णकांत गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर. दर रविवारी मांदेलीच्या एका वाट्यासाठी हे गृहस्थ तिच्याशी पाव तास हुज्जत घालत. अशा चिकट माणसाकडे काय मागायचं? तरी तिनं विचारलंच.

"गुरुजी, पोरीला जामीन ऱ्हाल का?"

"कागद आणा," गुरुजी म्हणाले आणि पुन्हा मांदेलीच्या भावावर आले.

कर्ज मंजूर झालं. पुढच्या रविवारी ठमाबाईनं पाटीतला सगळ्यात ताजा जिताडा साफ करून गुरुजींच्या पिशवीत टाकला. गुरुजींनी पाकीट काढताच ती कडाडली, "तुमच्याकडून पैसं घेऊ? हात झडतील माजे!"

गुरुजींनी बराच आग्रह केला. बाई ऐकेना. शेवटी त्यांनी जिताडा पाटीत परत ठेवला आणि निघून गेले. त्यानंतर ते मासळी घ्यायला लागले शेजारच्या मालूकडे.

ठमाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण रागापेक्षा धास्ती मोठी होती. जामीन राहिल्याचा पस्तावा झाला असेल का? माणसानं सही मागे घेतली तर पोरीचं पुढचं वर्ष बुडायचं. दर रविवारी ती मालूच्या पाटीकडे चोरून बघायची आणि उगाच दुसऱ्याच गिऱ्हाइकावर खेकसायची. सही मात्र जागच्या जागी राहिली. किशोरी शिकली, इस्पितळात लागली, पगारातून हप्ते भरू लागली. एकही चुकवला नाही. चुकवते कशी, आईनं जीव खाल्ला असता.

शेवटचा हप्ता भरल्यावर आलेल्या रविवारी ठमाबाई पाटी सोडून थेट मालूकडे मासळी घेणाऱ्या गुरुजींपुढे उभी राहिली.

"गुरुजी, फिटलं सगलं! आता तरी सांगा, माजं काय चुकलं?"

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "तुम्ही पैसे घेणार नव्हतात. आणि फुकटचा मासा खाल्ला असता, तर माझी सही विकल्यासारखी झाली असती."

ठमाबाई वळली आणि आपल्या पाटीमागे जाऊन बसली. तोवर गुरुजी तिच्या पाटीपुढे येऊन उकिडवे बसले होते.

"जिताडा कसा दिला?"

तिनं डोळे पुसले आणि दुप्पट भाव सांगितला.

"लुटायला बसलात काय, ठमाबाई?"

"परवडत नाय तर जा मालूकडं!" ती सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली.