पायानं आणलेला नारळ

माझा मेव्हणा हिंगोलीच्या बाजारात एका अडतीवर मुनीम होता. आमच्याकडे आला की चहा संपायच्या आत त्याचा प्रश्न ठरलेला. "दाजी, हाडं बसवून महिन्याला किती सुटतात?"

मला उत्तर देता येत नसे. मेंढरं राखणं हा आमच्या घरचा धंदा. मोडलेली हाडं बसवणं आणि आखडलेले सांधे चोळून मोकळे करणं हे त्याच्या सोबतीनं आलेलं. आधी मेंढरांच्या पायांवर हात बसला, मग माणसांच्या. त्याचं मोल मागायचं नाही, असा नियम. बरा झालेला माणूस स्वतःच्या पायानं चालत आमच्या उंबऱ्याशी नारळ घेऊन येई. वर ज्याला जे जमेल ते देई. कुणी पायलीभर ज्वारी, कुणी गुळाचा खडा, कुणी नुसता रामराम. नारळ येईपर्यंत तो पाय आमच्याकडून उसना नेलेला आहे, असं आसपासच्या गावांत मानत.

तो नियम मी एकदा मोडला. तोंडानं नाही, हातानं.

साखऱ्याकडच्या एका गावात एक तरुण घोंगड्या विणायचा. गाडीतून उडी मारताना त्याचा घोटा मोडला. घोंगड्यांचा माग खड्ड्यात असतो, त्यात बसून पायानं पावडी दाबावी लागते. पाय गेला तर माग गेला, आणि त्याच्या घरात दुसरं काहीच पिकत नव्हतं. मी घोटा बसवून बांबूच्या कामट्या बांधल्या आणि अधूनमधून जाऊन बघत राहिलो.

एकदा त्याच्या ओसरीवर कुणासाठी तरी विणून ठेवलेलं घोंगडं दिसलं. काळंभोर, काठाला पांढरी रेघ. आमचं घरचं पार विरलं होतं. मी त्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "लई गुणाचं हाय." एवढंच. पण हात लवकर उचलला नाही, आणि ते मला तिथंच कळलं होतं.

पुढच्या आठवड्यात भर दुपारी तो आमच्या दारात उभा. एका हातात काठी, दुसऱ्यात नारळ. कामट्या स्वतःच सोडलेल्या. घोटा गाडग्यासारखा सुजलेला.

"काहून आलास रे?" मी ओरडलोच.

"मामा, तुमाला घोंगडं आवडलं. तसंच तुमच्यासाठी विणाया पाय पायजे, न् पाय माझा कुठं हाय अजून? तुमचाच हाय. म्हणलं, आधी नारळ देऊन सोडवून घ्यावा."

"आन् आता वापस कसा जाशील?" माझी बायको म्हणाली. "नारळावर बसून?"

तो हसला. मला हसू येईना. हाड सरकलं असेल तर पाय जन्मभर वाकडा, आणि त्याला कारण माझा हात. घोटा चाचपला. हाड जागेवर होतं, सूज वरची होती. पुन्हा कामट्या बांधल्या.

प्रश्न नारळाचा राहिला. पाय बरा नाही म्हणून घेता येईना, आणि उंबऱ्याशी आलेला नारळ परत पाठवायची रीत नाही. बायकोनं तो रिकाम्या शिंक्यात टांगला. "पाय बरा होऊ द्या, मग बघू."

तो आमच्याकडेच राहिला. कामट्या सुटल्या, पण घोटा लाकडासारखा. करडईचं तेल लावून चोळायला घेतलं की तो पाय ओढून घेई. शेवटी त्याच्या बापाकडून मागाचं सामान मागवलं आणि मेंढरांच्या कुडाशेजारी खड्डा खणला. लोकर आमचीच. मी खड्ड्यात त्याच्या पायाशी बसायचो, टाच धरून पावडीवर दाबायचो. विणताना त्याचं ध्यान धाग्याकडे राही, पाय ओढायचं तो विसरून जाई. पावडी मात्र पुरती दबत नसे, वीण सैल पडे.

"मामा-भाचे तिथं धन पुरून राहिले का काय?" बायको भाकरी घेऊन यायची तेव्हा विचारायची.

हळूहळू माझा हात नुसता टाचेवर राहिला. मग तोही नको झाला.

घोंगडं मागावरून उतरलं त्या दिवशी बायकोनं शिंक्यातला नारळ त्याच्या हातात दिला. "जा, मारुतीपाशी जा न् चालत ये. बराबर चाल, लोक बघून राहिलेत."

तो काठीशिवाय आला आणि उंबऱ्याशी नारळ ठेवला. फोडला तर पाणी आटलेलं, खोबरं जरा खवट. गुळासंगं सगळ्यांनी खाल्लं. खाता खाता मी त्याला सांगून टाकलं की त्या दिवशी घोंगड्यावरून हात मी मनात धरूनच फिरवला होता.

"बरं केलं," तो म्हणाला. "न्हाईतर मी घरीच बसलो असतो पाय आखडून. तुमी हितून रोज थोडंच येणार होता?"

घोंगडं तो ठेवून गेला. मी नको म्हणालो, पण दुसऱ्यांदा म्हणालो नाही.

थंडीत मेव्हणा आला. बायकोनं त्याला तेच पांघरायला दिलं. त्यानं मुनिमाच्या सवयीनं ते दिव्यासमोर धरून बघितलं.

"दाजी, फसवलं तुमाला. ह्या टोकाला इण पार ढिली हाय. दुसरं टोक बघा, कसं घट्ट."

"मग ढिलं टोक पायाकडं घे न् नीज," बायको म्हणाली.

तो निजला. महिन्याला किती सुटतात, ते त्या खेपेला त्यानं विचारलं नाही. मला मात्र पहिल्यांदाच उत्तर देता आलं असतं: ढिल्या टोकापासून घट्ट टोकापर्यंत, एक पाय.