मरळीचं माहेरपण

बसा, चहा टाकलाय. तो येईपर्यंत माझा सत्कार कसा झाला ते सांगतो. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण मधे हसलात की मला राग येतो आणि मग मी शेवट सांगत नाही.

तर मी कोण, हे आधी समजून घ्या. मी जळगावच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होतो. म्हणजे मास्तर प्रयोग करायचे आणि मी परीक्षानळ्या धुवायचो. पण इतकी वर्षं नळ्या धुतल्यावर माणसाच्या अंगात विज्ञान मुरतं की नाही? आमच्या सोसायटीत तरी सगळ्यांना तसं वाटायचं. आठ फ्लॅटची सोसायटी. निवृत्त झालो तसं चेअरमन चौधरीभाऊंनी मला पाणीप्रमुख केलं. गच्चीवरच्या टाकीची किल्ली माझ्याकडे, टाकी धुवून घ्यायचं काम माझ्याकडे. "नाना म्हणजे आपले शास्त्रज्ञ!" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मी नको नको म्हणायचो, पण हळू आवाजात.

आमची एकुलती एक लेक वर्षा, धुळ्याला दिलेली. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "बाबा, मरळीचं कालवण खावंसं वाटतंय. कळण्याच्या भाकरीबरोबर."

आता पोटुशी लेक तोंडाने मागते, बाप नाही म्हणेल का? पण मी विज्ञानाचा माणूस! मोबाइलवर वाचलं होतं की नदीनाल्यांतल्या माशांच्या अंगात कायकाय साठतं, पारा काय, शिसं काय. गर्भाला तर फारच वाईट. माझी झोप उडाली. उद्या बाळाला काही झालं तर लेकीला तोंड कसं दाखवायचं?

म्हणून वर्षाला घेऊन तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनाच विचारलं.

"खाऊ दे की मासे, चांगलेच असतात," त्या म्हणाल्या. "पण आधी विकणाऱ्याला विचारा, कुठल्या पाण्यातला. कारखान्याच्या, गटाराच्या तोंडाशी धरलेला नको. मोठा घेऊ नका, लहान घ्या. मोठा मासा बारके मासे खाऊन मोठा होतो, सगळ्यांच्या अंगातलं त्याच्या अंगात साठतं. कातडं, चरबी, आतडी काढून टाका, पूर्ण शिजवा. आणि आठवड्यातून एकदा पुरे."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण वर्षा शेजारी बसलेली, वडील किती जाणकार आहेत हे तिलाही कळायला नको?

"मॅडम, जिवंत मरळ आठ दिवस स्वच्छ पाण्यात ठेवली तर? आमच्या गावी, पहूरला, पाहुणे यायचे असले की हौदात ठेवायचे."

"पोटातला गाळ जाईल, चिखलाचा वास जाईल. पण अंगात मुरलेलं..."

"जाईल!" मी म्हणालो. "तेच म्हणत होतो मी."

पुढे त्या बरंच काही बोलल्या. मला अर्धं वाक्य पुरतं.

बाजारात हिराअक्का बसते. पारोळ्याकडची, मासे विकत जन्म गेलेला. तिच्या पाटीत बारक्या मरळी होत्या आणि बादलीत एक माझ्या हाताएवढी जिवंत मरळ. मी बादलीकडे बोट केलं.

"कोनासाठे ल्ही राहिनात भाऊ?"

"लेकीसाठी. सातवा महिना आहे."

"मंग धाकला मासा ल्या ना. हाऊ मोठा कसाले?"

बघा! डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेच. पण लेकीला पाव वीत मासा न्यायचा? जनाची नाही तरी मनाची लाज असते. मोठीच घेतली. आणि कुठल्या पाण्यातली, हे विचारलं का? नाही विचारलं. मी शास्त्रज्ञ, मी मासेवालीला काय विचारणार? जळगावात मिळते म्हणजे नदीतली असणार, आणि नदीतली म्हणजे घाण असणार. निष्कर्ष तयार होता.

घरी टबात सोडली. मरळीने टबाकडे एकदा पाहिलं आणि उडी मारून थेट देवघरापर्यंत गेली. आमची मंडळी, म्हणजे वर्षाची आई, स्टुलावर चढली.

"लेक अवघडलेली, फरशीवर पाणी, आणि हा साप घरात! आत्ताच्या आत्ता बाहेर काढा!"

"अगं, साप नाही, मरळ आहे. शुद्ध होतेय."

"कुठंही होऊ द्या, माझ्या घरात नको."

आता स्वच्छ पाणी, भरपूर जागा, वर लोखंडी झाकण, आणि किल्ली फक्त माझ्याकडे. अशी जागा जळगावात कुठली? तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्याही आलं. मी बादली घेऊन गच्चीवर गेलो.

मंडळीला सांगितलं, मरळ परत केली. वर्षाला मात्र हळूच म्हणालो, "आठ दिवस थांब. अशी शुद्ध मरळ खाऊ घालतो की बाळ जन्मतःच हुशार निघेल."

रोज सकाळी मी कणकेच्या गोळ्या घेऊन वर जायचो. झाकण उघडलं की मरळ वर यायची, तोंड उघडून हवा घ्यायची, 'गुळुप!' मी म्हणायचो, निघतंय सगळं बाहेर.

चौथ्या दिवशी वर्षा म्हणाली, "बाबा, पाण्याला वास येतोय."

"बाळा, या दिवसांत नाक तिखट होतं."

पाचव्या दिवशी चौधरीभाऊ आले. "नाना, पाणी जरा वेगळं लागतंय का हो?"

"तुम्हालाही सातवा महिना आहे का?" मी म्हणालो. ते हसत गेले. मग मी नोटीस बोर्डावर स्वतःच्या सहीने चिकटवलं, 'टाकीची रोज पाहणी चालू आहे. पाणी पिण्यास योग्य.' सही करताना लाज वाटली असं काही झालं नाही. खोटं कशाला बोलू?

तुम्ही म्हणाल, घरात फिल्टर नव्हता? होता की. त्याची कांडी बदलायची जबाबदारीही माझ्याकडेच होती.

इकडे सोसायटीत वेगळीच चर्चा. नाना या वयात रोज दोन जिने चढून टाकी बघतात! लेक बाळंतपणाला आलेली असतानासुद्धा! आणि रविवारच्या बैठकीत माझा सत्कार करायचं ठरलं. बैठक कुठे? गच्चीवर, टाकीच्या सावलीत. आमच्याकडे तीच पद्धत आहे.

रविवार आला, मरळीचा आठवा दिवस. संध्याकाळचे पाच. वर्षासुद्धा धीराने जिने चढून आली, पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली. वडिलांचा सत्कार ना! चौधरीभाऊंनी शाल घातली, नारळ दिला. "नानांच्या हाती पाणी सुरक्षित आहे," असं म्हणून ते टाळ्यांसाठी थांबले.

टाळ्यांच्या आधी आतून आवाज आला, 'गुळुप!'

मी खाकरलो. परत, 'गुळुप!'

"नाना, टाकीत काय आहे?"

"हवा असेल. पाण्याच्या दाबाने..."

"किल्ली द्या."

माणसाने निदान किल्ली घरी विसरल्याचं नाटक तरी करावं. पण सत्काराला शोभून दिसावी म्हणून मी ती गळ्यात घालून गेलो होतो!

झाकण उघडलं. मरळीला वाटलं कणीक आली. तिने तोंड वर काढलं आणि थेट माझ्याकडे पाहिलं. इतक्या माणसांत तिने मलाच ओळखलं, काय बोलणार?

मग सगळं सांगावं लागलं. लेक, बाळ, पारा, आठ दिवस. व्हॉल्व्ह सोडून पाणी उतरवलं, पण मरळ कुणाच्या हाताला येईना. शेवटी चौधरीभाऊ स्कूटर काढून बाजारातून हिराअक्काला घेऊन आले.

अक्का शिडीवरून आत वाकली. तळाला घोटाभर गाळ, कबुतराची पिसं, कपड्यांचे चिमटे आणि एक टेनिस बॉल. टाकी धुतल्याची तारीख मी बाहेरून खडूने लिहायचो. मागे ती पावसात पुसली गेली, आणि तारीख दिसत नाही म्हणून आपण धुतलेलीच असेल, असं मी धरून चाललो होतो.

अक्काने वळून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, हाऊ मासा आठे कसाले टाका तुम्ही?"

"शुद्ध व्हायला, अक्का. नदीतली घाण..."

"कोन्ही नदी? हाऊ आम्हना शेततळाना शे! नितळ पानी. मन्हा भाऊ तठे गुरंले बी पाय टाकू देत नही. माले इचारतात ते मी सांगती नही का?"

गच्चीवर कुणी श्वास घेत नव्हतं. फक्त मरळ घेत होती.

"आनि तुम्ही याले आठ दिन ह्या गारामा ठेवा? आते हाऊ खावाना कामना नही. पोरगीले ते मुईच देऊ नका!"

एवढं बोलून तिने माझ्या खांद्यावरची शाल ओढली, म्हणाली, "हाई द्या, मासा निसटस," आणि आत उतरून सत्काराच्या शालीत मरळ गुंडाळून बाहेर आली. शालीतून शेपूट हलत होतं.

"याले मी लयी जास. आठ दिन आम्हना तळामा ठेवसू. साफ व्हयी जाई, मंग लयी येसू."

आणि तशीच, शालीसकट, जिना उतरून गेली. नारळ तेवढा माझ्याकडे राहिला.

मी वर्षाकडे बघायचं टाळत होतो. तिने तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला, सगळं सांगितलं. मी बघत नव्हतो, पण कान फोनकडेच होते. पलीकडून त्या बोलत होत्या, ही "हो मॅडम, नाही मॅडम" करत होती. जुलाब नाहीत, ताप नाही, बाळ फिरतंय. घाबरू नका, पाणी उकळून प्या, उद्या येऊन दाखवा. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

फोन ठेवून वर्षा उठली. एक हात कमरेवर, एक पोटावर. रडेल, ओरडेल, काहीतरी करेल म्हणून मी नारळ घट्ट धरून उभा राहिलो. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मरळीचं बरं आहे हो. आठ दिवस तुमच्याकडे काढले, तर तिला शुद्ध करायला लगेच माहेरी घेऊन गेले."

"मग?" मी म्हणालो.

"मी तेच पाणी प्यायले, आणि माझं माहेर तर हेच आहे. मला आता कुठे पाठवता?"