रिंगांची फट

लग्न होऊन औरंगाबादेत आले तेव्हा स्वयंपाकघराचं मागचं दार ह्यांच्या गॅरेजात उघडतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चिकलठाण्याच्या रस्त्याला आमची पत्र्याची शेड. ट्रॅक्टरची इंजिनं खोलून नव्यानं बांधायची, हा ह्यांचा धंदा. माणूस हाताचा पक्का. पण शुगरनं डोळे हळूहळू अधू झाले, आणि ते घराबाहेर कुणाला कळू दिलं नव्हतं.

इंजिन बांधताना डोळ्यांवाचून अडतं ते पिस्टनच्या रिंगांपाशी. रिंग म्हणजे एका जागी तुटलेलं कडं. सिलिंडरच्या नळीत बसवलं की त्याच्या दोन टोकांमध्ये बारीकशी फट राहते. फट जास्त झाली तर इंजिन धूर ओकतं. कमी झाली तर तापल्यावर रिंग फुगते, टोकं एकमेकांना भिडतात आणि भर शेतात इंजिन जाम होतं. म्हणून फिलर नावाच्या, जाडीचे आकडे कोरलेल्या पात्यांच्या जुडग्यातलं मापाचं पातं त्या फटीत घालून बघायचं, आत जात नसेल तर टोक कानशीनं जरा जरा घासायचं. पात्यांवरचे आकडे ह्यांना दिसेनासे झाले, आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

गिऱ्हाईक चहा प्यायला हॉटेलात गेलं की हे नळ्या आणि ताटभर रिंगा आत आणून ठेवायचे. तव्यावरची भाकरी करपायची आणि मी ओट्यापाशी कानस घेऊन बसलेली. नंतर बाहेरून ऐकू यायचं, "उस्ताद, तुमच्या हाताला तोड नाय!" उस्ताद पैसे खिशात घालायचे. मी आत दातओठ खात भांडी आपटायची.

माहेर खुलताबादला, एसटीत बसलं की आलंच. पण मुक्कामाला जायचं म्हटलं की नेमकं एखादं इंजिन खोललेलं असायचं. त्या घरात माझा जीव गुदमरायचा. ह्यांचा राग यायचा, आणि चाचपडत पाना शोधणारा हात दिसला की रागही धड करता यायचा नाही.

अशात बजाजनगरच्या बालवाडीतून शिक्षिकेच्या नोकरीचं बोलावणं आलं. लग्नाआधी मी त्याचं शिक्षण घेतलेलं होतं. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

"जा की. म्या काय धरून ठिवलंय का?" हे म्हणाले. घोटभर चहा घेतला आणि पुढं, "पर रिंगा?"

मी हट्टाला पेटले. लागणाऱ्या पात्याच्या बुडाला कानशीनं खाच पाडली, म्हणजे आकडा वाचायला नको. पातं फटीत किती घट्ट जातं ते तर हातालाच कळतं. रिंग तिरकी बसू नये म्हणून पिस्टन उलटा धरून ती सरळ आत ढकलायची, हे ह्यांनीच तर मला शिकवलेलं. आठवडाभर मी ह्यांच्याकडून करून घेतलं. हे चुकले की मी ओरडले, बरोबर आलं की लहान पोराला म्हणावं तसं शाब्बास म्हणाले.

शनिवारी सोयगावच्या एका शेतकऱ्याचं इंजिन बांधायचं होतं. सगळ्या रिंगा ह्यांनी लावल्या. मी एकेक तपासली. एकीलाही हात लावावा लागला नाही. आत येऊन मी सोमवारसाठी साडीला इस्त्री केली. गाणं गुणगुणत होते, हे नंतर लक्षात आलं.

दुपारी इंजिन चालू झालं. धूर नाही, खडखड नाही. शेडमध्ये चार माणसं उभी होती. शेतकरी खूश होऊन म्हणाला, "उस्ताद, लई भारी काम केलंत."

"रिंगा म्या नाय बसवल्या," हे म्हणाले. "हिनं बसवल्या. मला दिसत नाय आता. ही हाय म्हणून ही शेड हाय."

मी दारातच उभी होते. खरं होतं तेव्हा कधी ह्यांच्या तोंडातून शब्द फुटला नाही, आणि खोटं झालं त्याच दिवशी चारचौघांत बोलले! शेतकऱ्यानं माझ्याकडं वळून हात जोडले. "वहिनी, आमच्याकडचे आणखी दोन ट्रॅक्टर धूर मारायलेत. सोमवारी आणतो. तुमच्याच हातानं करा." जे ऐकायला इतके दिवस कान आसुसलेले होते ते ऐकलं. पण उस्तादला दिसत नाही, हे आता सगळ्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पसरणार. मी गेले तर ह्या शेडची पायरी कोण चढणार?

माणसं गेल्यावर मी ह्यांना गाठलं. "सगळ्या रिंगा तुम्ही लावल्यात. मग खोटं का बोललात?"

हे हात पुसत राहिले. स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसले.

"खरं बोललो असतो," म्हणाले, "तर तू गेली असतीस."

सोमवारी ट्रॅक्टर आले. मी शेडमध्येच होते.