डाव्या कानाला लावलेली कणीक

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे कुणी "हे असं असं झालं" म्हणालं की माझा पहिला प्रश्न – "परत करून दाखव." परत घडत नसेल तर माझ्या लेखी ते घडलंच नाही. या धाग्यावरचे चकवा, हडळ, मागून हाक मारणारा म्हातारा वगैरे किस्से मी चवीने वाचते, पण शेंगदाणे खात खात… विश्वास म्हणाल तर तोळाभरही नाही. तरीही आज लिहायला बसलेय, आणि ते कशाबद्दल, तर कॉम्प्युटरवर गेम खेळायच्या हेडसेटच्या बेसबद्दल! हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आम्ही बाळकुमला राहतो. काम संपलं की मी तासभर गेम खेळते – बंदुका, बॉम्ब, सगळं. नवरा म्हणतो, "बायका या वयात योगा करतात." करू देत. मला हेडसेटमध्ये बेस लागतो. बॉम्ब फुटला की तो पोटात जाणवला पाहिजे, नाहीतर काय फुटाणे फुटल्यासारखं! त्यामुळे बेस वाढवायचे सगळे उद्योग मी करून बसलेय. इक्वलायझरमध्ये खालचे पट्टे वर चढवायचे, तो नकली सराउंड बंद करायचा, आणि मुख्य म्हणजे कानावरच्या जाळीदार कापडी गाद्या काढून रेक्झिनच्या बसवायच्या. कानाभोवती जरा जरी फट राहिली तरी बेस गळून जातो.

आता अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील, शहाडला राहतात. नोकरीतून कधीच रिटायर झाले, पण त्यांची खरी ओळख भजनी मंडळाचे पखवाजी ही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते – पखवाजाची उजवी बाजू टणक बोलते, आणि डावीला म्हणतात धूम. या धुमेला दर वेळी मधोमध भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे तिला खर्ज येतो. कणीक नसेल तर नुसती पटपट. अप्पा भजनाआधी स्वतः कणीक मळायचे. थोडी लाव, थाप मार, ऐक, चिमूटभर काढ, परत थाप मार… घाई नाही. आणि मग ती जी काय बोलायची! आमच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं थरथरायची. मला लहानपणी वाटायचं की जगातला सगळ्यात मोठा आवाज माझ्या बापाच्या डाव्या हातात आहे. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

गेल्या वर्षी ते आजारी पडले. त्यातून उठले, पण कान गेले, आणि तेही उलट्या तऱ्हेने. म्हाताऱ्या माणसांचे वरचे आवाज जातात, यांचे खालचे गेले. शिट्टी ऐकू येते, आईचं ओरडणं तर छानच ऐकू येतं. धूम तेवढी येत नाही. मशीन लावलं, बोलणं सुधारलं, पण धूम नाही ती नाहीच. त्यांनी पखवाजाला खोळ घातली आणि कपाटावर ठेवून दिला. मंडळातले बोलवायला यायचे, तर आतूनच सांगायला लावायचे – झोपलेत म्हणून.

मग एके दिवशी आईचा फोन. "अगं, पखवाज मंडळाला देऊन टाकतायत. रविवारी न्यायला येणार. मी काही बोलले तर म्हणतात, अर्धा वाजवण्यापेक्षा नको."

मला रडूच आलं. पखवाज गेला की अप्पा नुसते खिडकीत बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. मग माझ्यातला गेमर जागा झाला. म्हटलं, माझ्या हेडसेटमधून त्यांना त्यांचीच धूम ऐकवते. बेस इतका चढवते की कानाला नाही तर हाडाला कळेल. एकदा ऐकली की पखवाज जाऊ देणार नाहीत.

पण रेकॉर्डिंग हवं ना! अप्पांना भजनात मोबाईल खपायचा नाही. कुणाचा चालू दिसला की पखवाज थांबवायचे. मंडळाच्या ग्रुपवर फिरून फिरून कुणीतरी चोरून केलेलं एकच सापडलं. कुठल्याशा एकादशीचं, मंडळातल्या एका काकूंच्या घरचं. मी ते पूर्ण ऐकलंही नाही. लॅपटॉपमध्ये टाकलं आणि रविवारी सकाळीच शहाडला पोचले.

आई पोळ्यांची तयारी करत होती. अप्पा नदीच्या बाजूच्या खिडकीत बसलेले. मी हेडसेट चढवला.

"हे काय गो? विमान चालवायचंय?"

"ऐका तर, अप्पा."

रेकॉर्डिंग लावलं. दोन ओळी ऐकून ते माझ्याकडे बघायला लागले, एकदम रोखून. मग डोळे मिटले. मी बेस वाढवत होते… आणखी… आणखी. शेवटी पट्टे वरच्या टोकाला टेकले.

"उजवीचा ता येतो," ते म्हणाले. "धूम नाही."

मी गाद्या दाबून बसवल्या. "आता?"

"नाही गो."

माझा धीर सुटला. इतक्यात त्यांनी हेडसेट काढून हातात घेतला, फिरवून बघितला. एका बाजूला L लिहिलेलं.

"हा डावा ना?"

"हो."

"मग याला कणीक कुठाय?" आणि आत आवाज दिला, "अगं, कणीक आण जरा! सैलसर!"

मी ओरडले. "अप्पा, हेडसेट आहे तो, पखवाज नाही!" पण आईने आयुष्यभर त्यांना कणीक दिलेली, तिने मुकाट्याने गोळा आणून हातावर ठेवला. अप्पांनी डाव्या कानावर बसणाऱ्या कपाच्या पाठीवर पाण्याचं बोट फिरवलं आणि गोळा थापला. बोटाने टिचकी मारून ऐकलं. चिमूटभर काढली. परत टिचकी. माझा लाडका हेडसेट पुरीसारखा दिसत होता, आणि मला हसू की रडू कळत नव्हतं. कारण किती तरी महिन्यांनी त्यांचे हात तसे चालताना बघत होते.

त्यांनी हेडसेट कानाला लावला. मी परत सुरुवातीपासून लावलं.

थोडा वेळ काही नाही. मग त्यांचा डावा हात मांडीवर पडला. परत पडला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात थांबेना. "आली," म्हणाले. "आली गो… बोलतेय."

मला वाटलं, मनाचे खेळ. मी हेडसेट मागून घेतला आणि माझ्या कानाला लावला. आणि शपथेवर सांगते… डाव्या कानात धूम होती. गोल, भरदार, पोटात उतरणारी. लहानपणी झाकणं थरथरवणारी तीच. मी आईला दिला. तिने ऐकलं, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "हे कुठल्या भजनाचं?"

मी काकूंचं नाव सांगितलं. आईचा हात तसाच थांबला.

"अगं, त्या एकादशीला धूम वाजलीच नव्हती! उपासाच्या दिवशी गहू कशाला म्हणून तिने राजगिऱ्याचं पीठ भिजवून दिलेलं. ते पहिल्याच अभंगाला सुटून पडलं. पूर्ण भजन नुसतं पटपट. घरी आल्यावर दोन दिवस चिडलेले होते हे."

मी अप्पांकडे बघितलं. ते शांतपणे बोटांची कणीक काढत होते.

"मला लगेच कळलेलं कुठलं भजन ते," म्हणाले. "तेव्हा लावायची राहिलेली. आत्ता लावली. त्यात काय एवढं?"

यावर टेस्टर काय करणार? घरी येऊन फाईल उघडली. खालच्या आवाजांच्या जागी काही नाही, सपाट. कपाच्या पाठीवर बारीक भोकं असतात, ती बुजली की आवाज बदलतो, हे मला मान्य आहे. पण बेस वाढायला आधी तो असावा लागतो ना! कणीक पुसून ऐकलं – पटपट. स्वतः मळून, थापून ऐकलं – पटपट, वर जरा दबकी. अप्पांना म्हटलं, तुम्ही परत लावा. तर म्हणे, "एकदा लागली ना? भजन पूर्ण झालं ते." आमच्या भाषेत याला म्हणतात, परत घडवता येत नाही. असे बग आम्ही बंद करून टाकतो. हा मला बंद करवत नाही.

त्या रविवारी मंडळातले पखवाज न्यायला आले, तर अप्पांनी स्वतः दार उघडलं. म्हणाले, "बसा, कणीक भिजवलीय." आणि खोळ काढली.

त्यांना धूम अजूनही ऐकू येत नाही. कानात काहीही बदल नाही, डॉक्टरांनी परत तपासलंय. पण भजनाला जातात. मी बाळकुमहून निघते, भिवंडी बायपासच्या ट्रॅफिकला शिव्या घालत पोचते, आणि सुरू व्हायच्या आधी त्यांच्या समोर बसते. ते कणीक लावतात, थाप मारतात आणि माझ्याकडे बघतात. मी मान हलवते – अजून. चिमूटभर लावतात, परत थाप, परत माझ्याकडे बघतात. माझ्या पोटात ती उतरली की मी हसते, आणि अप्पा हात पुसून वाजवायला घेतात.