पप्पांची मोडलेली बरगडी

“नको, डबा तू देऊन ये. मी इथंच थांबतो.”

हॉस्पिटलच्या कूलरवर बाटली भरताना हा आवाज ऐकला आणि मी खांबाच्या आडच राहिले. बाकावर तिरपे बसलेले काका म्हणजे पप्पांच्या कारखान्यातले, त्यांच्या शेजारच्या मशिनवरचे. मूळचे पेठ तालुक्यातले. बाजूला काकू, मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी धरून.

“अहो, इथवर येऊन माणसाला न भेटता जायचं?”

“बरगडी मोडली गं त्यांची. माझ्या हातानं. कट्‌कन आवाज झाला, अजून कानात हाय. आन् सकाळी फोनवर काय म्हणले? ‘ये तू, तुझीबी एक मोडतो.’”

“मस्करी असंल.”

“मस्करीचा आवाज असा नसतो. दात खाऊन बोलले.”

त्याच आठवड्याच्या सुरुवातीला शिफ्ट सुटल्यावर, ओझरला कारखान्याच्या बसमध्ये चढता चढता पप्पा कोसळले होते. डॉक्टरांनी नंतर आईला समजावलं, तेव्हा मी मागे उभी होते. हृदयाला रक्त पुरवणारी एक मुख्य नळी जवळजवळ बंद झाली होती. रक्त मिळेना, तसं हृदयाचं तंत्रच बिघडलं. ठोके देण्याऐवजी ते नुसतं थरथरत राहिलं. तशा हृदयातून रक्त पुढे जात नाही. कारखान्याच्या दवाखान्यातलं शॉक द्यायचं मशीन येईपर्यंत काका पप्पांची छाती दाबत राहिले, आणि तेवढ्यावर पप्पा टिकले. “जोरात दाबलं की मोडते कधी कधी बरगडी,” डॉक्टर म्हणाले. “ती जुळेल. हळू दाबलं असतं तर अवघड होतं.”

आणि हे तेच काका! कारखान्यात दर वर्षी सगळ्या कामगारांना रबरी पुतळ्यावर छाती दाबायला शिकवलं जायचं. काका पुतळ्यालासुद्धा इतकं हळुवार दाबायचे, की शिकवणारा ओरडायचा, “अहो, मालिश नाही करायची!” पप्पा सिडकोतल्या आमच्या घरी सोफ्याच्या उशीवर त्याची नक्कल करून दाखवायचे आणि आई हसून हसून पदर तोंडाला लावायची.

नळीत स्टेंट बसला होता, पण ठोके पुन्हा बिघडतील की काय, म्हणून पप्पांना अजून मॉनिटर लावलेला होता. मी त्या हिरव्या रेघेकडे बघत बसायचे. रेघ टोकदार होऊन वर गेली की मला काकांचे हात आठवायचे, खरं तर त्या दिवशी मी ते पाहिलेही नव्हते.

आता पाहिले. गुडघ्यांवर उताणे पडले होते. काळपट, रुंद, बोटांच्या पेरांत तेल मुरलेलं.

‘थँक यू’ मी दिवसभर म्हणत असते, रिक्षावाल्याला, पार्सल आणणाऱ्याला. शाळेनं लावलेली सवय. पण काकांना ते म्हणणं म्हणजे सुट्टे परत केल्यासारखं वाटत होतं. ‘आभार’ तर स्टेजवर माइक धरून मानतात. म्हणून त्या दिवसापासून काकांशी मी एक शब्दही बोलले नव्हते. खाली चौकशीला आलेले ते दिसले की नुसती मान हलवायची आणि औषधांच्या दुकानाकडे निघायची.

सकाळचा फोन मात्र मीच पप्पांच्या कानाला धरला होता. हसलं की बरगडीतून कळ यायची, म्हणून ते दात आवळून बोलत होते. ते वाक्य टाकून त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला होता. तो काकांना फोनवर कसा दिसणार? तेव्हापासून वॉर्डचं दार हललं, की पप्पा विचारत होते, “आला का तो?”

“चला मग,” काकू उठल्या. “नर्सबाईंकडं देते डबा. पेज गार झाली तर नागलीचा घट्ट गोळा होतो.”

काकाही उठले आणि जिन्याकडे वळले. खाली उतरले की ते घरी जाणार, आणि तो कट्‌कन झालेला आवाज बरोबर घेऊन जाणार. पुढे कधीतरी पप्पा सांगतीलही, पण तोवर यांना झोप कशी लागेल?

बाटली भरून पाणी माझ्या चपलांवर सांडत होतं. मी नळ बंद केला आणि खांबाआडून पुढे आले. दोघांनी वळून पाहिलं. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला.

“काका, फोन मी धरला होता. पप्पा हसत होते. आत चला ना, सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेत तुमच्यासाठी.”