तेच सहा नाहीत

आमचे गाईडमामा जंगलात माणसं मोजत नसत. "जीव मोजाचे नसतेत पोरी, तोंडं पाहाचे असतेत," म्हणायचे. नागझिऱ्याच्या धुक्यात जिप्सी निघण्याआधी ते मागे वळून एकेका चेहऱ्यावर अशी सावकाश नजर फिरवायचे, की पेंगणारे पर्यटकही सावरून बसत.

मी जवळच्याच सडक अर्जुनीची, सॉफ्टवेअर लिहिणारी, अंगात मस्ती भरपूर. सफारीच्या टॅबच्या पडद्यावर मी प्रत्येक जिप्सीचा एक चौकोन रचला होता. पर्यटकाच्या गळ्यातला इलेक्ट्रॉनिक बिल्ला गाडीत आला की चौकोनात त्या माणसाचं नाव यायचं, उतरला की जायचं. आत काही वाढलं-घटलं, तर चौकोनाला आपोआप कळायला हवं होतं. मी शहाणीने काय केलं? निघताना किती होते नि आता किती आहेत, एवढंच ताडून पाहिलं. जुळलं की हिरवी खूण.

चाचणीच्या सकाळी तलावाजवळ सगळे उतरले, पुन्हा बसले. हिरवी खूण आली. गाडी हलली तसे मामा ओरडले, "थांबव बे!"

"मामा, सहा आहेत की!" मी पडदा पुढे केला.

"सहा हायेत. पन तेच सहा नाहीत. पांढऱ्या शालीची माय कुठं हाय?"

मागच्या गाडीतला एक जण मित्राशेजारी येऊन बसला होता आणि आमच्या गाडीतली ती शालवाली आजी खालीच राहिली होती. परतलो, तर ती पाण्याकडे बघत एकटीच उभी, जणू माहेरच्या अंगणात. तिच्या मागे बांबू हलत होते. वारा मात्र नव्हता. मामांनी तिला हात धरून आणलं.

माझे डोळे भरले. "रडून कायले राहिली?" मामा म्हणाले. "डब्ब्याले आकडा शिकवला, आता तोंडं शिकव."

शिकवली. चौकोन आता आतला प्रत्येक बदल टिपतो. कोण आलं, कोण गेलं, नावानिशी सांगतो. मामांनी पाहिला आणि म्हणाले, "आता झाला कामाचा."

तोच चौकोन मी पुढे गाईडांच्या यादीलाही लावला. या उन्हाळ्यात मामा वारले. यादी बदलायचं माझ्यावर आलं. त्यांचं नाव काढलं, त्यांच्या लेकीचं घातलं. तीही आता गाईड आहे. बारा होते, बाराच राहिले. जुना चौकोन हिरवी खूण करून गप्प बसला असता. याने मात्र मामांचं नाव लिहून दाखवलं, आणि पुढे लिहिलं: आता नाहीत.